बाकाखालची खूण

या, बसा. तिकडे खुर्चीत नको, ती नुसती दाखवायला ठेवलीय. ह्या बाकावर बसा. घाबरू नका, हलायचं नाही ते. मधोमध चीर दिसतेय ना, वाकडीतिकडी, कुणी झोपेत आखल्यासारखी? तिच्यावरच बसलात तरी चालेल. चहा येतोय. तोवर त्या चिरेचीच गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे, पण आधीच सांगून ठेवतो, हिच्यात कुणी कुणासाठी विष घेत नाही, कुणी घर सोडून पळत नाही. नुसतं लाकूड कापलं जातं. आणि कापता कापता... जाऊ दे, ऐकाच.

साथीचे दिवस होते. शाळा बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा बंद झाल्या, आणि त्यावर लागली वर्षाच्या मधलीच मोठी सुट्टी. आता ती सुट्टी संपत आली होती. शाळा उघडणार हे पक्कं ठरलं, आणि घराघरात एकच विषय. पोराला पाठवायचं का नाही? घरी ठेवलं तर पोर भिंतीवर चढतंय, पाठवलं तर आईचा जीव टांगणीला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली गत.

आयाबापांच्या काळजीबद्दल सगळे बोलायचे. पण पहिलीच्या वर्गावर एक बाई होती, तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय वाटतं? वय म्हणाल तर रस्त्यात कुणी ताईच म्हणालं असतं, पण शाळेत सगळे बाई म्हणायचे, म्हणून आपणही बाईच म्हणू. तर ह्या बाईनं मनात ठरवून टाकलं होतं. नोकरी सोडायची. वर्गातलं कपाट रिकामं करायचं, मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, सांगायचं आणि विषय संपवायचा.

कारण घरात बाबा होते. मागे शाळा उघडली होती तेव्हा खोकला घरी आणला तो बाईनंच. तिला स्वतःला थोडी कणकण, बस. बाबांना मात्र उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. परत आले, पण निम्मी छाती तिथंच ठेवून आले. खाटेवरून उठून खिडकीपर्यंत गेले तरी लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज. बाईला कुणी बोल लावला नाही. पण बोल लावायला बाहेरचं माणूस कशाला लागतं हो? आतलं पुरे असतं.

तर अशी ती एका सकाळी रिकामी पिशवी घेऊन शाळेत आली. आवारात चिटपाखरू नाही. झोपाळा वाऱ्यानं आपला आपणच हलतोय. वर्गाजवळ पोचली तर आतून आवाज, खर्र... खर्र... आणि ताज्या भुशाचा गोडसर वास.

तिनं दार ढकललं. आत एक उंच माणूस, पाठमोरा. बाकावर गुडघा रोवलेला, हातात करवत. आणि ते बाक, तिच्या वर्गातलं, खिडकीजवळचं, कमरेत कापलं जातंय!

"अहो! अहो, काय करताय!"

आता पहिलीच्या बाईचं ओरडणं म्हणजे काय विचारू नका. अख्खा वर्ग गप्प करायची सवय त्या गळ्याला. सुतार असा दचकला की करवत सरळ रेघ सोडून भलतीकडेच घसरली. उरलेलं लाकूड कडाडलं आणि अर्धं बाक आलं थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर.

"आई गं...!"

"पडलं ना!" बाई म्हणाली.

"पडणारच." तो एका पायावर नाचत वळला. "दोन पायांवर माणूस उभा राहतो, बाई. बाक नाही."

"मग कापलंत कशाला?"

"हौस आहे मला. सुट्टी लागली की शाळांत शिरतो आणि बाकं कापतो."

"थट्टा नकोय."

"मोठ्या बाईंनी सांगितलंय. एका बाकावर एकच पोर बसवायचं. नवी बाकं मिळेनात, म्हणून आहेत तीच अर्धी करायची, आणि कापल्या बाजूला नवे पाय लावायचे. थांबा, कसं ते दाखवतोच—"

असं म्हणून त्यानं कानामागची पेन्सिल काढली. आता मास्कची दोरीही त्याच कानाला. पेन्सिल निघाली ती मास्क घेऊनच निघाली! एका कानावर मास्क लोंबतोय, आणि हा गडी झटकन भिंतीकडे तोंड करून उभा.

"बघू नका! बघू नका हां!"

जणू आंघोळीतच गाठलाय त्याला. पण बाईनं बघितलं होतं. डोळा मिटून उघडावा तेवढंच. भुशानं पांढरी झालेली मिशी, आणि अंगठा ठेचलेला असताना मिशीखाली... हसू.

बाई फार दिवसांनी हसली. मास्कच्या आत, म्हणजे कुणाला दिसायचं कारण नाही. पण डोळे चहाडखोर असतात. तो भिंतीकडून वळला तेव्हा त्यानं ते बरोबर पकडलं.

त्या दिवशी बाईनं कपाटातून काय नेलं माहितीये? खडूचा एक डबा. बस.

दुसऱ्या दिवशी रंगीत पताका. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक घंटी, तिला दांडाच नव्हता. सुतार पायांची भोकं पाडत होता, मान वर न करता म्हणाला, "बाई, ह्या वेगानं तुमचं कपाट रिकामं व्हायला पुढची सुट्टी उजाडेल."

"जड असतं सामान."

"हो ना. काल ती घंटी नेताना तुमचा खांदा कसा वाकला होता, बघितलं मी."

"तुम्ही तुमचं काम बघा."

"बघतोच आहे. काम दारापाशीच ठेवलंय, त्याला मी काय करू?"

बाई घरून किटलीतून चहा आणायला लागली. आता म्हणाल, साथीत चहा कसा पाजायचा? मास्क तर काढावा लागणार. त्यांनी आपली रीत काढली. ती किटली आणि त्याचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि मागे सरायची. तो कप घ्यायचा. मग तो दाराकडे तोंड करून बसायचा, ती खिडकीकडे. मधे अख्खा वर्ग. एकमेकांकडे पाठ करून दोघं चहा प्यायची आणि बोलायची. माणसं जुळतात ती डोळ्यात डोळे घालून, असं म्हणतात. ही दोघं पाठीला पाठ करून जुळली. त्याचा चेहरा तिला नीट ठाऊक नव्हता, पण तो फुंकर मारून घोट घेतो की तसाच घेतो, बोलताना कुठे थांबतो, हसू आलं की श्वास कसा अडतो, हे सगळं तिला पाठ झालं.

एकदा तिनं बघितलं, तो प्रत्येक अर्ध्या बाकाला खालच्या अंगानं पेन्सिलीनं फुल्या मारतोय. कुठे एक, कुठे दोन, कुठे एकाखाली एक.

"हे काय?"

"जोडाची खूण. आमच्यात रीतच आहे. एकातून दोन केली की दोन्हीवर सारखीच खूण करायची. साथ काय जन्मभर राहणारे का? एक दिवस संपेल. त्या दिवशी कुठलं अर्धं कुठल्या अर्ध्याचं, ते कळायला नको? करवतीची रेघ प्रत्येक वेळी वेगळी पडते, बाई. दुसऱ्याचं अर्धं आणून लावलं तर फट राहते."

बाईनं त्या फुल्यांवरून बोट फिरवलं. ती रोज येत होती ती बाकं मोडताना बघायला, असंच तिला वाटत होतं. हा माणूस तर जोडायच्या तयारीनं कापत होता.

"फुल्या नका मारू," ती म्हणाली. "फुल्या सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्या पहिलीत चित्रं चालतात. द्या ती पेन्सिल... सावकाश! मास्क!"

मग तिनं चित्रं काढायची आणि त्यानं पटाशीनं कोरायची. प्रत्येक बाक घेताना तो विचारायचा, "ह्याच्यावर कोण बसतं?"

"एक अखंड बडबडते, तिच्या शेजारचा अखंड झोपतो."

"मग त्यांचं कसं जमतं?"

"ती बोलते म्हणून त्याला झोप येते, आणि तो झोपतो म्हणून तिला कुणी गप्प करत नाही. फार सुखी जोडपं आहे."

त्या बाकाला चांदोबा मिळाला. कुणाला मासा, कुणाला पान, कुणाला टोपी. सगळी झाल्यावर सुतार म्हणाला, "एक जास्तीचं काढून द्या."

"कशाला? बाकं तर संपली."

"ते वाकडं राहिलंय ना, तुमच्या ओरडण्याचं. मोठ्या बाई म्हणाल्या पोरांना नको, कड बोचेल. कड मी घासून घेईन. टाकवत नाही मला ते."

बाईनं कठड्याकडे बघितलं आणि जे समोर होतं ते काढलं. किटली. चोच जरा वाकडी आली.

"बाक वाकडं, किटली वाकडी," तो म्हणाला. "शोभेल."

असे दिवस चालले होते. आणि एका सकाळी कपाट खरंच रिकामं होत आलं. काय करणार, किती पुरवायचं? तळाशी पोरांच्या मातीच्या खेळण्यांची खोकी होती, ती खरोखर जड. बाई ती बघत उभी राहिली तेव्हा सुतारानं सहज विचारलं, "हे सगळं धुऊनबिऊन परत मांडणार ना, शाळा उघडायच्या आत?"

"नाही. मी शाळा सोडतेय."

नव्या पायांवर चाललेली करवत थांबली. चहाची वेळ नव्हती, तरी बाई खिडकीकडे तोंड करून बसली, आणि तिनं सगळं सांगितलं. खोकला, दवाखाना, भात्यासारखा आवाज. पाठ करून सांगणं सोपं असतं.  मागून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ह्या खिडक्या," शेवटी तो म्हणाला, "रंगानं चिकटून बसल्या होत्या. एकही उघडत नव्हती. सगळ्या सोडवल्यात मी. आता वारा आरपार जातो."

"तो माझ्या घरापर्यंत येतो का?" बाई म्हणाली. "माझ्या घरात दोन खोल्या. दिवसभर एवढ्या पोरांत बसून मी संध्याकाळी त्यांच्यापाशीच जाणार. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं तर बाबा म्हणतात, मला कैदेत टाकलंस. उघडं ठेवलं तर मला झोप नाही. आता बोला."

तो जागेवरून उठला, हातगाडी घेऊन आला, आणि खोकी लादायला लागला.

घरी पोचले तेव्हा बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे. हा माणूस जन्मभर बस चालवलेला, त्यामुळे लांबूनच ओरडून बोलायची सवय. श्वास गेला होता, सवय गेली नव्हती.

"हाच का तो? अर्धी करणारा?"

"बाबा!"

"रोज ऐकतोय मी तुझं. आज सुतार असं म्हणाला, सुतार तसं म्हणाला. मला वाटलं शाळेत आता सुतारकामच शिकवतात."

बाई लाल होऊन चूल... म्हणजे शेगडी पेटवायला पळाली. शेगडी मागच्या बाजूला. पण दोन खोल्यांच्या घरात कुठेही पळालं तरी ऐकू येतंच.

"बस तिथे, लांब," बाबा म्हणत होते. "हे बघ, माझी छाती म्हणजे जुनी बस. चढावर बोंबलते, पण थांब्यापर्यंत पोचते. आणि ही पोरगी काय करते, तर मी बंद पडेन म्हणून स्वतःच रस्त्यात उतरायला निघालीय. पोरांशिवाय ही कशी दिसते, तू बघितलंस? सुट्टीत भांड्यांना शिकवत होती. मला औषध लागतं, मान्य. पण माझं औषध म्हणून तिची शाळा मला नको. घशाखाली जात नाही रे ते."

बाई पाणी ओतायची थांबली. हे तिच्यासमोर ते कधी बोलले नव्हते.

सुतारानं दारावर बोटं टकटकवली. मग त्याचा आवाज आला, "बाबा, हे दार कापू का?"

"दिसलं की कापायचंच का रे!"

"आडवं. वरचं अर्धं वेगळं उघडेल, खालचं वेगळं. बाई बाहेरच्या खोलीत राहतील, तुम्ही आत. खालचं कायम लावलेलं. वरचं उघडलं की तोंडं दिसतील, मास्क लावून, लांबून. खालच्या अर्ध्यावर एक फळी ठोकतो, ताट ठेवायला. तुमच्या मागच्या खिडकीतून वारा येतोच. बाई घराला वळसा घालून शेगडीकडे जातील, तुमच्या खोलीत पाय न ठेवता."

"म्हणजे मी तिकीट खिडकीत बसल्यासारखा!"

"तसंच."

"मग कर की! विचारतोस काय?"

दार झालं. चार बिजागऱ्या, मधे बोट घालायला जागा नाही असं बेतलेलं. बाबा वरचं अर्धं दिवसभर उघडत आणि मिटत बसले, नवीन खेळणं मिळाल्यासारखे.

पण दार झालं म्हणून भीती जाते का हो? शाळा उद्यावर आली तरी बाईचं काही ठरेना. सुतार तिच्या घरातून आपली हत्यारं गोळा करत होता. ती दारापाशी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "एवढं करूनही झालं तर?"

"होऊ शकतं."

"नाही होणार असं तरी म्हणायचं!"

"लाकडाचीसुद्धा खात्री देत नाही मी, बाई. माणसाची कुठून देऊ? बिजागरी घट्ट बसवलीय, एवढंच माझ्या हातात."

"तुम्ही माझ्या जागी असता तर गेला असता?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ केला.

"गेलो असतो. घाबरत गेलो असतो."

कसं असतं बघा. एवढे दिवस सगळे तिला सांगत होते, घाबरू नकोस. घाबरत जाता येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाईला वाटलं, पाठीवरून कुणी पोतं उतरवून घेतलं... नाही, पोतं तिथंच होतं, पण एका बाजूनं कुणी हात लावला.

वरचं दार खाडकन उघडलं. "ठरलं का? नाही, मला सकाळी लवकर कुणी उठवायचं ते सांगा."

"पण ते सामान..." बाई म्हणाली. "खोकी, पताका, सगळं परत न्यायचं म्हणजे आता हातगाडी कुठून..."

सुतार खाली बघत हत्यारं पुसत होता. "गाडी बाहेरच आहे. परत केली नव्हती मी."

शाळा उघडली. पोरं आली. एवढीशी तोंडं, त्यावर एवढे मोठे मास्क, वर नुसते डोळे. आया फाटकापाशी हात सोडायला तयार नाहीत, आणि पोरं मागं वळून बघायला तयार नाहीत. बाईनं वर्गाची वाऱ्यावर उघडी तावदानं बघितली, एकेकट्या बाकांच्या रांगा बघितल्या, आणि आपल्या मेजाकडे वळली. तिची मोडकी खुर्ची गायब. तिथं अर्धं बाक. चार पाय, गुळगुळीत कड, आणि ती वाकडी रेघ. आपल्याला चिडवायला ठेवलंय, असं वाटून ती त्याच्यावर बसली. खिडकीबाहेर तो सुतार नळापाशी हात धुवायच्या साबणांची फळी ठोकत होता. त्याच्याकडे तिनं मुद्दाम बघितलं नाही. तिकडूनही कुणी मुद्दाम बघत नव्हतं.

सगळं शिस्तीत चाललं होतं. आणि मग बडबडीचं खोडरबर पडलं. ती वाकली, बाकाखाली गेली, आणि आतूनच ओरडली, "चांदोबा!"

झालं! झोपाळू आयुष्यात पहिल्यांदा जागा झाला. "माझ्या पण खाली चांदोबा!" टोपीवाला टोपीवालीला शोधायला लागला, मासा माशाकडे निघाला. कर्र कर्र करत सगळी बाकं सरकली, आणि बाई फळ्याकडून वळेपर्यंत अख्खा वर्ग जोड्याजोड्यानं खांद्याला खांदा लावून बसलेला! एवढी करवत चालवली, एवढे पाय ठोकले, आणि पोरांनी घटकाभरात सगळं जुळवून टाकलं. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात.

"बाई... हे काय?"

चूक दोघांची होती, बघा. साथ संपल्यावर जोडता यावं म्हणून चित्रं काढली, आणि पोरांना चित्र म्हणजे काय वाटतं, हे पहिलीची बाई असून ही विसरली!

बाईनं टाळी वाजवली. "ऐका! हा एक खेळ आहे. फार लांब चालणारा. ज्याचं अर्धं आहे त्यानं ते जपायचं. लांब ठेवून जपायचं. एक दिवस मी सांगेन, जोडा. त्या दिवशी ज्याचं अर्धं धड असेल तो जिंकला. चला, आपापल्या जागी, आणि उचलून न्या, ओढू नका!"

बाकं परत गेली. मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. पण बडबडी अजून खालीच होती, आता बाईच्या मेजाजवळ.

"बाई, तुमच्या खाली किटली आहे!"

बाई उठली. बाक कलतं केलं. तिचीच किटली, वाकड्या चोचीची. पटाशीनं कोरलेली, आणि कडा इतक्या घासलेल्या की बोटाला नुसतं रेशीम लागावं.

"दुसरी किटली कुणाकडे?" झोपाळूनं विचारलं.

सगळ्यांनी आपापलं बघितलं. पान, मासा, टोपी. किटली कुणाकडे नाही. बाईला मात्र कळलं होतं. तिचे कान तापले, आणि ती खिडकीकडे बघायचं टाळू लागली, तेवढ्यात बडबडी खिडकीशी पोचली.

"बाई! सुतारकाका बसलेत ना, त्यांच्या बाकाची पण बाजू वाकडी आहे! काका, उठा!"

"का?" बाहेरून आवाज.

"उठा ना! उलटं करा!"

तो उठला. काय ते त्यालाही कळलं. गोंधळला की कानामागे हात जायची सवय, त्यानं पेन्सिल ओढली, आणि व्हायचं तेच झालं.

"काकांना मिशी आहे!" अख्खा वर्ग ओरडला.

मास्क सावरून त्यानं बाक उलटं केलं. किटली. बाई खिडकीपाशी गेली. मधे कठडा, आणि कठड्यापलीकडे तो, नियमाइतका लांब.

"हे काय म्हणायचं?" ती म्हणाली. आवाज बाईसारखा करायला गेली, झाला नाही.

"सांगितलं होतं की. आमच्यात जोडाच्या दोन्ही अर्ध्यांवर सारखीच खूण करतात."

"हं."

"जोडायचं मनात असेल तरच करतात."

"...आणि समोरच्याच्या मनात नसेल तर?"

"तर रंधा मारला की खूण जाते." तो खाली बघत होता. "रंधा आणलाय मी. तुम्ही म्हणाल तर आत्ता..."

"पोरांसमोर विचारता?"

"विचारलंत तर तुम्ही. पोरांसमोर."

मोठ्या बाई दारात खाकरल्या. पण गेल्या नाहीत. त्यांनाही ऐकायचं होतं ना!

वारा आरपार येत होता. बाईच्या मानेवरची बट उडाली. मास्कच्या आत ती हसली, आणि डोळ्यांनी नेहमीसारखी चहाडी केली.

"रंधा मारू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे साथ संपेपर्यंत आपापलं अर्धं जपायचं. लांब ठेवून. ह्या वर्गाचा नियम आहे तो."

"नियम आहे, काका!" वर्ग ओरडला.

त्यानंतर रोज शाळा सुटली की कठड्यावर किटली यायची. तो आवारातल्या झोपाळ्याकडे तोंड करून बसायचा, ती फळ्याकडे. बाबा संध्याकाळी वरचं दार उघडून विचारायचे, "आज पाठ काय म्हणाली त्याची?"

साथ ओसरली, सगळ्या गोष्टी ओसरतात तशी. एके दिवशी बाईनं वर्गाला सांगितलं, जोडा. चांदोबाला चांदोबा मिळाला, माशाला मासा. सुतारानं मधले पाय काढले, फळ्या ठोकल्या, आणि एकाही बाकात फट राहिली नाही. झोपाळू बडबडीच्या शेजारी बसला आणि समाधानानं झोपला. बाबांचं दार मात्र त्यांनी जोडू दिलं नाही. म्हणतात, "बरंय हे. वरचं उघडून ऐकतो, कामाचं नसलं की मिटतो." आत्ता जो भात्यासारखा आवाज येतोय ना आतून, ते बाबाच. ऐकतायत आपलं.

आणि हे बाक, ज्यावर तुम्ही बसलाय, किटलीची दोन्ही अर्धी जोडून केलेलं. वाकड्या चिरेचं. सरळ चीर उद्या घासूनबिसून कुठल्याही लाकडाला लावता येईल, हिच्यात मात्र तिच्याच दुसऱ्या अर्ध्याशिवाय काही बसत नाही. रोज सकाळी ती दोघं इथंच चहा घेतात, आता एकाच बाजूला तोंड करून. कधी भांडण झालं तर जुन्या सवयीनं पाठीला पाठ. पण बाक एकच.

हा बघा, चहा आला. चित्रातली चोच वाकडी असली तरी ही किटली सांडत नाही. घ्या सावकाश. आणि एक करा माझ्यासाठी. चहा झाला की बाक उन्हातून आत घ्यायचंय, ते ओढू नका. उचला. आणि एकट्यानं उचलू नका, सांध्यावर ताण येतो. त्या टोकाला धरायला कुणाला तरी हाक मारा.